मादीचं जनुक की अंडाशयाचं? डासांच्या आरएनए नमुन्यात होणारी गल्लत

‘हे जनुक मादीत चौपट सक्रिय आहे’ असं प्रकल्पाच्या अहवालात वाचलं की पहिला प्रश्न विचारावा तो नमुन्याबद्दल. अख्खा डास कुटला होता की एखादी ऊती वेगळी काढली होती? जनुकाची सक्रियता मोजतात ती त्यापासून बनलेल्या आरएनएवरून. लिंगभेद म्हणजे त्याच ऊतीत नर आणि मादी यांच्यात जनुकाची सक्रियता वेगळी असणं. ऊतीभेद म्हणजे एकाच डासाच्या अंडाशयात, आतड्यात, लाळग्रंथीत ती वेगळी असणं. अख्खा डास कुटला की हे दोन्ही फरक एकाच आकड्यात मिसळतात, आणि तो आकडा बहुतेक वेळा लिंगभेद म्हणून वाचला जातो.

हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. एका जनुकाची पातळी अंडाशयात १००, वृषणात १०० आणि बाकी शरीरात, नर असो वा मादी, १०. म्हणजे लिंगभेद शून्य. आता रक्त प्यायलेल्या मादीच्या एकूण आरएनएपैकी ५० टक्के अंडाशयातून आला आणि नराच्या आरएनएपैकी ५ टक्के वृषणातून आला असं धरा. मादीची सरासरी ५५ येते, नराची १४.५. फरक जवळपास ३.८ पट! जनुकाच्या वागण्यात काहीच फरक नाही, फक्त अवयवांचा वाटा वेगळा. याची उलट बाजूही आहे. नराच्या मिशांपुरताच मर्यादित असलेला खरा लिंगभेद अख्ख्या शरीरात इतका पातळ होतो की दिसतच नाही.

रक्ताचं जेवण हा घोळ आणखी वाढवतं. एडिस इजिप्ती या डेंगी पसरवणाऱ्या डासाच्या मादीत रक्त प्यायल्यावर मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या ऊतीत) व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन बनवणारं जनुक जोरात चालू होतं, साधारण २४ तासांनी कळस गाठतं आणि मग ओसरतं. प्रथिन बनतं मेदपिंडात, साठतं मात्र अंडाशयात. त्यामुळे प्रथिन मोजणारा अंडाशयाकडे बोट दाखवतो आणि आरएनए मोजणारा मेदपिंडाकडे. दोघंही बरोबर असतात, कारण त्यांनी मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत. शिवाय एकाच जनुकाचा आरएनए एवढा फुगला की बाकीच्यांचा टक्का आपोआप घसरतो. आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये (सगळ्या जनुकांचा आरएनए एकदम वाचण्याच्या पद्धतीत) ही घसरण नीट दुरुस्त केली नाही, तर शेकडो जनुकं मादीत ‘मंदावलेली’ दिसतात.

ऊती वेगळी काढली म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. लाळग्रंथीच घ्या. मादीच्या प्रत्येक ग्रंथीला तीन खंड असतात, दोन बाजूचे आणि एक मधला. रक्त गोठू न देणारे पदार्थ मुख्यतः मधल्या खंडात आणि बाजूच्या खंडांच्या टोकाकडच्या भागात बनतात. साखर पचवणारी विकरं बाजूच्या खंडांच्या मुळाकडच्या भागात बनतात. नराची ग्रंथी बरीच लहान असते आणि तीत रक्तशोषणाचे भाग तसे विकसित झालेले नसतात. म्हणजे ‘तीच ऊती’ म्हणून आपण ज्यांची तुलना करतो, त्यांच्यातल्या पेशीही सारख्या नसतात. लिंग आणि ऊती दोन्ही एकत्र आवळलेलं उदाहरण हवं असेल तर ॲक्टिन-४ हे जनुक पाहा. एडिसमध्ये ते मादीच्या उडण्याच्या स्नायूंत चालतं. त्याच्याच नियंत्रक भागाचा वापर करून मादी उडूच शकणार नाही असे डास प्रयोगशाळेत तयार केले गेले आहेत.

आता नमुन्याकडे. पुण्यात पिंप, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या यांत एडिस सहज मिळतो, पण पकडलेली प्रौढ मादी या कामाला नको. तिने रक्त कधी प्यायलं, मीलन झालं का, वय किती, काहीच कळत नाही. अळ्या आणून २८ अंश तापमानाला वाढवा आणि कोष झाले की वेगळे करा. मादीचे कोष मोठे असतात, तरी खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीकडचं टोक पाहा. प्रत्येक कोष वेगळ्या नळीत ठेवा. एकत्र ठेवले तर बाहेर पडलेल्या डासांचं मीलन होऊ शकतं. मीलन झालेल्या मादीच्या शुक्रकोशांत शुक्राणू असतात, आणि मग वृषणाचं जनुक मादीत ‘सापडतं’.

प्रौढ डास बर्फावर गार करा आणि पीबीएसच्या (क्षारांच्या सौम्य द्रावणाच्या) थेंबात ठेवून पोटाचे शेवटचे दोन खंड सुईने हळू ओढा. अंडाशय बाहेर येतात, पण मेदपिंडाचे तुकडे चिकटून आलेले असू शकतात. रक्त प्यायलेल्या मादीत तेवढ्यानेच व्हिटेलोजेनिनचा आरएनए अंडाशयाच्या नमुन्यात शिरतो. म्हणून अंडाशय दुसऱ्या स्वच्छ थेंबात धुऊन मगच ट्रायझॉलमध्ये (आरएनए वेगळा काढण्याच्या रसायनात) टाका. आरएनएचा दर्जा तपासताना आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा आकडा) कमी आला म्हणून नमुना लगेच फेकू नका. हा आकडा रायबोसोमच्या २८एस आणि १८एस या दोन आरएनएंवर बराच अवलंबून असतो, पण बहुतेक कीटकांत २८एस आरएनए तापवल्यावर मधोमध दोन तुकड्यांत सुटतो आणि १८एसच्या जागी येऊन बसतो, म्हणून चांगला नमुनाही वाईट दिसतो.

क्यूपीसीआरमध्ये (एकेका जनुकाचा आरएनए मोजण्याच्या चाचणीत) आरपीएस१७ सारखं संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करतात ते, वापरताना ते नर-मादीत स्थिर आहे एवढं पुरत नाही, तुमच्या सगळ्या ऊतींतही स्थिर आहे का ते पाहा. विश्लेषणात लिंग, ऊती आणि दोन्हींची आंतरक्रिया (नर-मादीतला फरक ऊतीनुसार बदलतो का) असे तिन्ही घटक ठेवा. डबलसेक्ससारख्या, शरीराची नर-मादी घडण ठरवणाऱ्या जनुकात तर एवढ्यानेही भागत नाही. त्याची एकूण पातळी दोन्ही लिंगांत सारखी असली तरी आरएनए वेगळा कापून जोडला जातो, म्हणून प्रायमर (चाचणीत जनुक ओळखणारा डीएनएचा छोटा तुकडा) मादीच्या खास एक्सॉनच्या (जोडल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) सांध्यावरच बसवावा लागतो.