नवी मुंबईतील इमारतींची उंची-मर्यादा

भूखंडावरची इमारत किती उंच नेता येईल, यावर कायद्याने घातलेले बंधन. नवी मुंबईत हे बंधन एकाच नियमात सापडत नाही. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरे, अग्निशमनाच्या अटी आणि विमानतळाभोवतीचे निर्बंध यांपैकी जे सर्वांत कडक ठरते, त्यावर शेवटचा मजला अवलंबून असतो.

एफएसआय आणि उंची यांची गल्लत नेहमी होते. बांधकामाचे एकूण क्षेत्रफळ भूखंडाच्या किती पट असावे, हे एफएसआय ठरवतो; ते कसे रचायचे हे उंचीचे नियम ठरवतात. एफएसआय १ असेल तर निम्म्या भूखंडावर दोन मजले बसतात आणि पाव भूखंडावर चार. उंचीला अटकाव आला की इमारत आडवी पसरते. मोकळीक मिळाली की जमीन सुटते, पण उंचीबरोबर सामासिक अंतरही वाढत असल्याने लहान भूखंडावर उंच इमारत बसत नाही. म्हणून टॉवरसाठी शेजारचे भूखंड एकत्र केले जातात आणि दुकाने-घरांची सलग रांग मोडून तिथे पार्किंगचा पोडियम (टॉवरखालचा रुंद चौथरा) व कुंपणभिंत येते. पादचाऱ्याचे यात मोठे नुकसान होते.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० साली झाली. तिने वाशीच्या सुरुवातीच्या सेक्टरांत मुख्यतः तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती आणि बैठी घरे बांधली. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ठेंगण्या पण दाट वसाहतीचा प्रयोग केला. सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, असे तीन गट मिळून एक मोठे अंगण, अशी तिची चढती रचना आहे. घरांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नसल्याने प्रत्येकाला आपले घर स्वतंत्रपणे वाढवता आले. कमी उंची म्हणजे विरळ वस्ती, हा समज या वसाहतीने खोटा ठरवला. नवी मुंबईच्या नियोजनातला हा सर्वांत मोलाचा धडा असून पुढच्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या नंतर वसवलेल्या विभागांत, तो गिरवला गेला नाही, ही खंत वाटते.

कोपरखैरणे, घणसोलीसारख्या ठिकाणी गावठाणांत नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या कुटुंबांनी गरजेपोटी वाढवलेली घरे आहेत. त्यांची उंची सिडकोच्या जुन्या इमारतींएवढीच, पण सामासिक अंतर जवळजवळ नाही. खालच्या घरांत दिवसाही दिवे लावावे लागतात. उजेड-वारा मिळण्यासाठी नुसती उंची आवरून भागत नाही, हे इथे डोळ्यांना दिसते.

जुन्या सेक्टरांतील सिडकोनिर्मित इमारतींचा पुनर्विकास आता टॉवरच्या रूपाने होत आहे. रस्ते मात्र तेच आहेत, आणि जलवाहिन्या व मलनिःसारण चार मजल्यांच्या हिशेबाने टाकलेले.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानतळाच्या जागेतली उलवे टेकडी त्यासाठी सुरुंग लावून उतरवावी लागली. भोवतालच्या बांधकामांना केंद्राचे २०१५चे उंची-निर्बंध नियम लागू होतात. मोठ्या विमानतळाभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत धावपट्टीच्या पातळीपासून ४५ मीटरवर एक काल्पनिक सपाट छत धरतात. त्यापलीकडे ते दर २० मीटर अंतराला १ मीटर चढत जाते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांसमोरच्या पट्ट्यात नियम आणखी कडक असतात.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना हरकत दाखल्यात कमाल उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, अँटेना आणि वीजरोधक हे सगळे त्या आकड्याच्या आतच बसवावे लागते. बिल्डरचे शेवटचे एक-दोन मजले बहुधा याच हिशेबात जातात. सारख्याच आकड्याच्या दोन दाखल्यांवर खाडीलगतच्या सखल भूखंडाला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या भूखंडापेक्षा जास्त मजले मिळतात.