पाऱ्याचा थेंब आणि यारोस्लाव हेयरोव्स्की

१९५९चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रागच्या यारोस्लाव हेयरोव्स्की यांना मिळालं, तेव्हा पाऱ्याच्या थेंबाने द्रावणातले पदार्थ ओळखण्या-मोजण्याचा, म्हणजे पोलरोग्राफीचा, त्यांचा मूळ शोध ३७ वर्षांचा झाला होता. चेकोस्लोव्हाकियाच्या नागरिकाला मिळालेलं हे पहिलंच नोबेल. त्याआधी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं आणि मागे पडलं. पदार्थात काय आणि किती आहे ते शोधणाऱ्या वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या वाट्याला हे नेहमीचंच. नवा रेणू सापडला की टाळ्या पडतात, मोजण्याची नवी रीत सापडली की लोक ती मुकाट्याने वापरू लागतात.

हेयरोव्स्की यांचा जन्म १८९०चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना प्राध्यापक फ्रेडरिक डोनन यांनी त्यांना ॲल्युमिनियमच्या विद्युतअग्राचा (इलेक्ट्रोडचा) अभ्यास करायला दिला. धातूवर ऑक्साइडचा थर बसे, हायड्रोजनचे बुडबुडे येत आणि एकही वाचन स्थिर राहत नसे. मग डोनननीच सुचवलं की ॲल्युमिनियम पाऱ्यात विरघळवून बारीक नळीतून वाहतं ठेवावं, म्हणजे पृष्ठभाग सतत नवा मिळेल. १९१४ साली सुट्टीला घरी आलेले असताना महायुद्ध पेटलं आणि लंडन तुटलं. पुढची काही वर्षं लष्करी रुग्णालयातल्या कामात गेली.

१९१८ साली डॉक्टरेटच्या परीक्षेत भौतिकशास्त्रज्ञ बोहुमिल कुचेरा यांनी त्यांना गळणाऱ्या पाऱ्याबद्दल विचारलं. विद्युतदाब बदलत नेला की पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो, पण कुचेरांना त्याच्या आलेखात काही अनपेक्षित खाचा दिसल्या होत्या. त्या का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हेयरोव्स्की कामाला लागले. काम कंटाळवाणं होतं: प्रत्येक दाबाला पाऱ्याचे थेंब गोळा करा, धुवा, वाळवा, वजन करा (त्यावरून पृष्ठताण कळे), पुन्हा पुढचा दाब. बरीच वर्षं यात घातल्यावर त्यांनी वजनाचा नाद सोडून थेंबातून जाणारा वीजप्रवाह गॅल्व्हानोमीटर या सूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावर मोजायचं ठरवलं. १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात प्रवाह एका ठरावीक दाबाला पायरीसारखा वर चढताना दिसला.

सगळं मर्म या पायरीत आहे. पायरी कोणत्या दाबाला येते त्यावरून द्रावणात काय आहे ते कळतं आणि तिच्या उंचीवरून ते किती आहे ते. थेंब दर काही सेकंदांनी गळून पडतो, नवा येतो, त्यामुळे आधीच्या अभिक्रियेची घाण साचत नाही. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून सोडियमसारख्या हट्टी धातूचीही पायरी दिसते. अडचण हवेतल्या ऑक्सिजनची. तो स्वतःच्या दोन पायऱ्या घुसडतो, म्हणून द्रावणातून आधी नायट्रोजन किंवा हायड्रोजन सोडून त्याला हाकलावं लागतं. ही कटकटच पुढे कामी आली.

हाताने एकेक बिंदू घेण्याचं काम मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्याने संपवलं. १९२४च्या सुमारास दोघांनी फोटोच्या कागदावर वक्र आपोआप उमटवणारं यंत्र बांधलं आणि त्याला पोलरोग्राफ म्हटलं. विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत आपण होऊन नोंद करणाऱ्या पहिल्या उपकरणांपैकी ते एक. शिकाता ते तंत्र जपानला घेऊन गेले. १९३४ साली द्योनीझ इल्कोविच यांनी पायरीच्या उंचीचं समीकरण मांडलं. निरीक्षणाला सिद्धांताचा पाया मिळाला तो तिथे, आणि माझ्या मते पोलरोग्राफी जगभर रुजली ती या समीकरणामुळे. १९३३ साली हेयरोव्स्की अमेरिकेत व्याख्यानं देऊन आले, आणि १९४१ साली मिनेसोटाचे आय. एम. कोल्टहॉफ आणि जे. जे. लिंगेन यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ आला. पुढच्या पिढीला हे तंत्र बहुतेक कोल्टहॉफमार्फतच कळलं.

नाझी अमलात चेक विद्यापीठं बंद पडली, तरी एका जर्मन सहकाऱ्याच्या आडोशाने हेयरोव्स्की यांचं काम चालू राहिलं. १९५० साली प्रागमध्ये पोलरोग्राफीसाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९६७ साली ते वारले. त्याच सुमारास त्यांच्या तंत्राची जागा प्रकाश-शोषणावर चालणारी उपकरणं घेऊ लागली होती. पाऱ्याची विषबाधा हेही एक कारण होतंच.

पण ऑक्सिजनच्या त्या नकोशा पायरीचं काय झालं पाहा. तिच्यावरून विरघळलेला ऑक्सिजन मोजता येतो. १९५६ साली लेलँड क्लार्क यांनी प्लॅटिनमचं अग्र पातळ पटलाने झाकून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं साधन जाहीर केलं. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोजवर काम करणारं विकर (एन्झाइम) त्यात बसवायची कल्पना मांडली. मधुमेहींच्या हातातल्या बहुतेक ग्लुकोमीटरची वंशावळ इथून सुरू होते. त्यावर आज निघणाऱ्या शोधनिबंधांत संदर्भ क्लार्क यांचा असतो, हेयरोव्स्की यांचा क्वचितच. उद्धरणं मोजून शास्त्रज्ञाचं वजन ठरवणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू येत नाही. पारा मात्र अजून पुरता हद्दपार झालेला नाही: पाण्यातलं शिसं, कॅडमियम आणि जस्त अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजायला काही प्रयोगशाळा आजही पाऱ्याचा लटकता थेंबच वापरतात.