दोन, चार, सहा वर्षे आणि एकच नोंदणी : फार्मसी शिक्षणाची पार्श्वभूमी

डी.फार्म (डिप्लोमा) दोन वर्षांचा, बी.फार्म (पदवी) चार वर्षांचा, फार्म.डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचा. हे अभ्यासक्रम पूर्ण करणारे तिघेही राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीकृत फार्मासिस्ट होतात आणि कायद्याने तिघांनाही औषध देण्याचा अधिकार सारखाच मिळतो. अभ्यासक्रमाची लांबी आणि आशय यांवरचा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत फार्मसी शिकवली जात होती. ब्रिटिश मुलखात मात्र पुढे कित्येक दशके काम कंपाउंडरवरच चालले. कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातल्या औषधांचा दर्जा आणि प्रशिक्षित माणसांची वानवा, दोन्हींवर बोट ठेवले. त्याच सुमारास महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचे शिक्षण उभे केले. १९३७ मध्ये तिथे तीन वर्षांचा बी.फार्म सुरू झाला. देशाला औषधे बनवणारी आणि तपासणारी माणसे हवी होती, त्यामुळे पदवीचा कल रसायनशास्त्राकडे गेला. तो आजही फारसा सुटलेला नाही.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानंतर केंद्रीय फार्मसी कौन्सिलने १९५३ मध्ये पहिले शिक्षण नियम लागू केले. नोंदणीची किमान पात्रता ठरली डिप्लोमा. पुढे प्रवेशाची अट मॅट्रिकवरून बारावीवर आली. १९९१ च्या नियमांत दोन वर्षांनंतर किमान ५०० तासांचे प्रशिक्षण होते, किमान तीन महिन्यांत पसरलेले, आणि त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचे. कागदावर ही तरतूद उत्तम. मात्र दुकानदाराची सही आणि शिक्का असलेले प्रमाणपत्र हाच पुरावा मानला, की गल्ल्यामागे उभे न राहताही तास भरतात. विद्यार्थी खरोखर चिठ्ठ्या हाताळतो का, हे पाहायला तिथे कोणी जात नाही.

२००८ मध्ये फार्म.डी आला : पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपचे सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, उरलेले दोन-दोन महिने इतर तीन विभागांत. त्यासाठी किमान ३०० खाटांचे रुग्णालय लागते. इथे पहिल्यांदाच शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशी गेले. पण रुग्णालयांत या माणसांसाठी पदे त्या प्रमाणात तयार झाली नाहीत, आणि अनेकांना शेवटी उद्योगातच जावे लागले.

बी.फार्मच्या २०१७ पासूनच्या सत्र पद्धतीत सेंद्रिय रसायनाचे तीन आणि मेडिसिनल केमिस्ट्रीचे (औषधी रसायनशास्त्राचे) तीन पेपर आहेत; ‘फार्मसी प्रॅक्टिस’ (रुग्णालयातले आणि दुकानातले फार्मासिस्टचे काम) या नावाचा विषय सातव्या सत्रात एकदाच येतो. सहाव्या सत्रानंतरचे प्रशिक्षण १५० तासांचे. म्हणजे चार वर्षांच्या पदवीधराला प्रत्यक्ष कामाचे तास दोन वर्षांच्या डिप्लोमावाल्यापेक्षा कमी!

डिप्लोमाचा आशय मात्र २०२० च्या नियमांनी खरोखर बदलला. फार्मास्युटिक्स (औषधे बनवण्याचे शास्त्र) आणि फार्मास्युटिकल केमिस्ट्री यांचे दुसऱ्या वर्षीचे पेपर गेले. सोशल फार्मसी (सार्वजनिक आरोग्याशी जोडलेली), फार्माकोथेरप्युटिक्स (आजारांवरचे औषधोपचार), कम्युनिटी फार्मसी (औषध दुकानातली सेवा) हे विषय आले. २०२२ च्या नियमांनी डिप्लोमाधारकांसाठी नोंदणीआधी एक्झिट परीक्षा घातली : बहुपर्यायी प्रश्नांचे तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. रुग्णाशी बोलायची तयारी त्यात तपासली जात नाही, आणि बी.फार्म झालेल्याला ही परीक्षा द्यावीच लागत नाही.