गाडी दाखवायला येताना वाटेत हवा भरू नका

नवी सेडान घेऊन दोन-तीन महिने झाले की बरेच ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये येतात, आणि तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. गाडी उचल घेत नाही. खड्ड्यात दणके बसतात. हायवेला एका बाजूला ओढते, नाहीतर वळणावर तरंगल्यासारखी वाटते. त्यांची उत्तरं काउंटरवर उभ्याउभ्या रोज द्यावी लागतात, म्हणून एकदाची छापून टाकली.

आधी मुख्य गोष्ट. गाडीतून उतरता उतरता ग्राहक सांगतात, "हवा वाटेत चेक करून आणलीय, ते राहू द्या." हेतू चांगला असतो, आमचा वेळ वाचावा. होतं नेमकं उलटं. ज्या हवेवर गाडी त्रास देत होती ती हवाच तुम्ही बदलून टाकलेली असते, आणि तीही तापलेल्या टायरमध्ये. मग आम्ही अर्धा दिवस सस्पेन्शन हलवून बघतो आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या गाडीचा हवेचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडतो. टायरच्या अंगावर जो आकडा कोरलेला असतो तो टायर कमाल किती सोसेल याचा आहे, तो भरायचा नाही. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर हळू आलेली. टायरमधल्या हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप, स्टिकरवरचा आकडा त्यातच असतो) वर जातो. घरून ३३ वर निघालेली गाडी पाऊण तास चालली की गेजवर ३७ दिसू शकतात. "जास्त झाली" म्हणून तुम्ही चार पॉइंट सोडता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २९ वर बसलेला असतो. स्टिअरिंग जड, टायरच्या दोन्ही कडा घासायला सुरुवात, आणि तुम्ही पुन्हा आमच्या दारात.

मीटरवरचा टायरचा दिवा लागत नाही म्हणजे हवा बरोबर, असंही समजू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा हवा चांगली चौथा हिस्सा कमी झाल्यावर लागतो, आणि जास्त भरली तर सहसा काहीच बोलत नाही. नायट्रोजन भरला तरी नियम तोच, तापला की तोही फुगतो. साध्या हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आमच्याकडे नायट्रोजनचं मशीन आहे, मागाल तर भरून देऊ, पण त्यामुळे हवा बघायची सुटका होते असं आम्ही सांगणार नाही.

एक गाडी अजून लक्षात आहे. अगदी नवी, जेमतेम दीड हजार किलोमीटर झालेली. तक्रार अशी की बारीक खडीवरूनसुद्धा दाणदाण वाजते आणि वळणावर मागची बाजू उडते. दुसरीकडे दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, झालेलं होतं. आम्ही गाडी रात्री ठेवून घेतली आणि सकाळी चारही टायर मोजले: ४४, ४४, ४३, ४४. स्टिकरवर ३३. कारखान्यातून निघालेल्या गाड्या बरेच दिवस उभ्या राहतात. टायर एका जागी चपटे पडू नयेत म्हणून त्यांत हवा जास्त भरतात, आणि ताबा देण्याआधी ती उतरवायची असते. इथे ते काम राहून गेलं होतं. अकरा पॉइंट हवा सोडली आणि दणके गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं त्या दोन अलाइनमेंटचं झालं.

म्हणूनच आम्ही गाडी आदल्या संध्याकाळी मागतो. "हवा मोजायला रात्रभर गाडी कशाला?" हा प्रश्न आम्हाला नवा नाही. ज्यांना गाडी सोडता येत नाही त्यांनी सकाळी निघण्यापूर्वी घरीच चारही टायर मोजून आकडे कागदावर लिहून आणावेत. कोणता टायर कोणत्या जागेवरचा हेही लिहा. चांगला गेज काउंटरवर विकत मिळतो. स्वतःचा असेल तर एकदा आमच्या गेजशी जुळवून घ्या, त्याचे पैसे नाहीत. तपासणीचे मात्र घेतो, कारण त्यात आमच्या माणसाची चक्कर आणि वेळ जातो. काम आमच्याकडे केलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते.

आता इंजिन. टायर मऊ असले की गाडी ओढायला जड जाते, म्हणून पिकअपच्या तक्रारीतही आम्ही आधी हवाच बघतो. तिथे काही सापडलं नाही तर बहुतेक वेळा कारण गिअरमध्ये निघतं. हल्लीच्या बऱ्याच सेडानमध्ये लहान टर्बो इंजिन (पंख्याने जादा हवा कोंबून ताकद काढणारं) असतं आणि आधीच्या गाडीत बिनटर्बोचं मोठं होतं. हात जुन्याच सवयीचे. चौथ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगात रेस द्यायची आणि गाडी उठत नाही म्हणायचं! ताकद म्हणजे टॉर्क (इंजिनचा पिळण्याचा जोर) गुणिले मिनिटाचे फेरे. समजा एखादं इंजिन २,००० फेऱ्यांवर १७० न्यूटन-मीटर देतं, तर तिथे त्याची ताकद ३५ किलोवॉटच्या वर जाते. तेच इंजिन १,२०० फेऱ्यांवर, टर्बो जागा होण्याआधी, १०० न्यूटन-मीटर देत असेल तर हातात १३ किलोवॉटही येत नाहीत. ओव्हरटेक करण्याआधी एक गिअर खाली टाका. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत रेटणं टर्बो पेट्रोलला सोसत नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर रेस दिल्यावर आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. क्लच घसरत नसतो, त्या गिअरबॉक्सची चालच तशी आहे. पहिले हजारेक किलोमीटर पूर्ण रेस आणि एकाच वेगात तासन् तास चालवणं टाळा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, ते पुस्तक डिकीत प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं.

दणक्यांच्या तक्रारीत हवेनंतर आम्ही टायरचा साइझ वाचतो. त्यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा व्हीलचे इंच. १८५/६५ आर १५ च्या जागी कोणी १९५/५५ आर १६ टाकले तर बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राहतो, म्हणून मीटर चुकत नाही आणि दुकानदार सांगतो काही फरक पडणार नाही. पण टायरची भिंत १२० मिलिमीटरची १०७ होते. खड्ड्याचा पहिला धक्का ही भिंत आणि तिच्या आतली हवा घेते, शॉकअपची पाळी नंतर. ते १३ मिलिमीटर गेले की तुमच्या कमरेला कळतं. मोठी व्हील दिसायला झकास, आम्हीही विकतो. फक्त घेण्याआधी त्याच साइझवरच्या एखाद्या गाडीत बसून खराब रस्त्यावर फिरून या.

स्टिकरवर हवेचे दोन रकाने असतात हेही बघा. एक दोघा-तिघांसाठी, दुसरा पाच माणसं आणि भरलेल्या डिकीसाठी. प्रवासाला जाताना मागच्या टायरची हवा वाढवली आणि परतल्यावर कमी केली नाही, तर रिकाम्या गाडीची मागची बाजू उसळतेच. सेडानच्या मागे तसंही वजन कमी असतं.

गाडी ओढते म्हणालात तर चाक आम्ही तुमच्याच हातात देतो आणि आमचा माणूस शेजारी बसतो. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी कडेला सरकते. लेन धरून ठेवणारी यंत्रणा चालू असली तर ती स्टिअरिंगला हलका हिसका देते, लोकांना तो अलाइनमेंटचा दोष वाटतो. ती बंद करून, सपाट रस्त्यावरही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघतो. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तरच गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढते. ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंटने ती थरथर जाणार नाही.

मशीनच्या कागदावर मागच्या चाकांचा आकडा लाल दिसला म्हणून घाबरू नका. बहुतेक लहान सेडानमध्ये मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) असतो आणि तिथे फिरवायला नटच नसतो. पुढे टो (चाकं आत-बाहेर वळलेली असणं) सेट करतो, कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) बऱ्याच गाड्यांत सेट होत नाही. मागचा आकडा फारच बाहेर असेल तर बीमला मार बसला आहे का ते बघावं लागतं. वॉरंटीतली गाडी असेल तर तो कागद आम्ही सही करून देतो, तो घेऊन आधी तुमच्या शोरूमला जा. तिथे फुकट होणारं काम आम्ही करून पैसे घेत नाही.

येताना डिकी रिकामी करा, म्हणजे पाचवा टायरही मोजता येईल. तो बारीक, तात्पुरता टायर असेल तर त्यात सहसा ६० पीएसआय लागतात. बाकीच्यांबरोबर त्यालाही ३३ वर आणून ठेवलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे.