मत्स्यालयातील पाणवनस्पतींची निवड

घरगुती मत्स्यालयातील पाणवनस्पतींची निवड : गोड्या पाण्याच्या टाकीत लावायची जिवंत रोपे पाणी, प्रकाश, तापमान आणि माशांच्या सवयी पाहून ठरवणे. रंग आणि पानांचा आकार पाहून रोपे उचलण्याचा प्रघात आहे. पण रोप जगते ते घरी येणाऱ्या पाण्यावर आणि टाकीवरच्या दिव्यावर, त्यामुळे निवडीची सुरुवात तिथूनच करावी.

मासे व वनस्पती एकत्र ठेवण्याचा पद्धतशीर प्रयोग इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास केला. गोल्डफिशच्या सोबतीला त्यांनी व्हॅलिस्नेरिया लावली होती. तिची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या आणि मग टाकीचा तोल सावरला. फितीसारख्या लांब पानांची ही वनस्पती आजही नवशिक्यांसाठी उत्तम आहे.

महाराष्ट्रात पाण्याचा प्रश्न आधी पाहावा लागतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, धरणाचे त्यामानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचे. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला जड पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षारामधूनही कार्बन मिळवतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्या जोमाने वाढतात. याउलट दक्षिण भारतातील लालबुंद रोटाला मॅक्रांड्राला मऊ पाणी, भरपूर प्रकाश आणि बहुधा वेगळा पुरवलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. साध्या दिव्याखाली ती रंग घालवते आणि खालून झडत जाते. मंद प्रकाशात अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन तग धरतात. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त ठेवल्यास रोपांआधी शेवाळच माजते.

रोप घेताना पानांपेक्षा मुळे पाहावीत. अनेक रोपवाटिका ही रोपे दमट हवेत, पाण्याबाहेर वाढवतात. अशी पाने पाण्यात बुडाली की दोन-तीन आठवड्यांत पिवळी, पारदर्शक होऊन गळतात आणि पाण्याला सरावलेली नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिनची पाने तर जागा बदलल्यावर अक्षरशः विरघळतात. रोप मेले समजून ते उपटून फेकले जाते, हे फार वाईट वाटते. मुळे घट्ट, पांढरट असतील तर ते हमखास पुन्हा फुटते. अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे जाड खोड मात्र वाळूत पुरू नये, ते कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने सैलसर बांधले की काही आठवड्यांत मुळे स्वतःच पकड घेतात.

लकी बांबू आणि मोंडो ग्रास दुकानात टाकीसाठी म्हणून विकले जातात, पण ही जमिनीवरची झाडे आहेत. पूर्ण बुडवल्यास ती काही महिने हिरवी दिसतात, मग सडून पाणी घाण करतात. ती घेऊच नयेत.

माशांचेही पाहावे लागते. गोल्डफिश कोवळी पाने खातो, सिक्लिड जातीचे मोठे मासे तळ उकरतात. त्यांच्या टाकीत अनुबियासची चिवट पानेच टिकतात. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात, म्हणून दाट लागवडीच्या टाकीत रात्री हवेचा पंप सुरू ठेवावा.

साताऱ्याजवळच्या कास परिसरातील सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर उगवणारी वायतुरा ही पाणवनस्पती दुकानांत मिळणाऱ्या अपोनोजेटॉन या कंदवर्गीय पाणवनस्पतींचीच भाऊबंद. ती पश्चिम घाटाच्या उत्तर भागाबाहेर कुठेही आढळत नाही. तिथून तिचा एक कंदही उचलू नये. उलट दिशेने, म्हणजे परकी वनस्पती बाहेरच्या पाण्यात गेल्यानेही धोका आहे. १९५० च्या दशकात मत्स्यालय व्यापारातून फ्लोरिडात पोहोचलेल्या हायड्रिलाने तिथली तळी आणि कालवे व्यापले, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते पुणे-कोल्हापूरकर पाहतातच. टाकीतली छाटणी ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात न टाकता उन्हात कडकडीत वाळवावी आणि कुंड्यांना खत म्हणून घालावी.