साखर निघाली की पाय का थांबतात?

अमळनेरकडच्या आमच्या गावात कुणाला 'साखर निघाली', म्हणजे मधुमेह निघाला, की त्याचं जग खाट आणि ओट्यापुरतं उरतं. कापूस वेचायला उजाडायच्या आत निघणारी माझी मावशीही अशीच बसून राहिली. विचारलं की म्हणायची, "माले करमत नही." पथ्य सगळ्यांनी सांगितलं. न करमण्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

मधुमेह आणि मन यांची सांगड नवी नाही. सतराव्या शतकातच इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी दीर्घ दुःखाला या आजाराचं कारण मानलं होतं. आपल्याकडे चरकाने प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या आजारांच्या) कारणांत 'आस्यासुखं', म्हणजे बसून राहण्याचं सुख, आधी घेतलं. सुश्रुताने तर निर्धन रुग्णाला शंभर योजनं चालायला, गाईंमागे हिंडायला, विहीर खणायला सांगितलं. (आमच्याकडचे लोक हे सगळं उपचार म्हणून नव्हे, पोटासाठी करत आले.)

१९२१ साली इन्सुलिन सापडलं, लाखो जीव वाचले. पण पुढे उपचाराचं सगळं लक्ष रक्तातल्या आकड्यावर गेलं. मन पुन्हा चर्चेत आलं ते २००१ च्या आसपास. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं. पुढे उलटी वाटही दिसली: नैराश्य असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोकाही जास्त. मन खचलं की माणूस हलत नाही, गोळी चुकते, साखर चढते, आणि चढलेली साखर पुन्हा मन खचवते.

हालचालीने मनाला उभारी येते का, याचा पुरावा वेगळ्या वाटेने जमत गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात आठवड्याला अडीच तास झपाझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका अजिबात न हलणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी दिसला. त्याच्या निम्म्या हालचालीतही १८ टक्के. अशा पाहणीतून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण खिन्न माणूस मुळात कमीच चालतो. तरी मला यातला 'निम्मं' हा शब्द फार मोलाचा वाटतो.

खानदेशात आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी बाहेर पडणं नकोच. बसून राहिलेली मावशी आता पुन्हा चालते, आणि म्हणूनच तांबडं फुटायला निघते, जावेला सोबत घेऊन, पांदीतून मळ्यापर्यंत. इन्सुलिन सुरू आहे, चालताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून पदराला साखरेची पुडी बांधलेली असते.