नॅनो-सिल्व्हर ड्रेसिंग: कधी लावायचं आणि कधी थांबवायचं

नॅनो-सिल्व्हर ड्रेसिंगमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांचं काम जंतू मारण्याचं. जखम शरीर स्वतःच भरतं, आणि जंतू आटोक्यात आल्यावरही चांदी जखमेवर राहिली तर त्या भरण्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून हे ड्रेसिंग नेताना डॉक्टरांना आधी विचारा: किती दिवस लावायचं?

चांदी इतकी बारीक का करतात

१ सेंमीच्या चांदीच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौ. सेंमी असतो. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौ. मीटर भरतो. चांदी तेवढीच, पण ओलावा लागताच तिच्यातून कितीतरी जास्त आयन (विद्युतभारित कण) सुटतात. हे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटतात आणि विकरं (एन्झाइम) बंद पाडतात. अडचण अशी, की तसेच गट आपल्या पेशींतही आहेत. जखमेच्या तळाशी नवं मांस विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि कडेकडून सरकत येणाऱ्या नव्या कातडीच्या पेशी चांदीने मंदावतात किंवा मरतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. प्रत्यक्ष जखमेत पाझरातली प्रथिनं बरीच चांदी अडवतात, त्यामुळे नुकसान तेवढं होत नाही. पू असलेल्या जखमेत जंतूंचं नुकसान त्याहून मोठं असतं, तिथे चांदी जरूर लावावी. स्वच्छ, लालबुंद, दाणेदार जखमेवर मात्र तिचा उपयोग फारसा नाही आणि तोटा शिल्लक राहतो.

इंग्लंडमध्ये पायांच्या शिरांच्या जुनाट जखमा असलेल्या २१३ रुग्णांवर चाचणी झाली होती. १२ आठवड्यांनी चांदीचं ड्रेसिंग आणि साधं ड्रेसिंग यांत जखम भरण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. मधुमेहाच्या पायाबाबतही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: केवळ जखम लवकर भरावी म्हणून चांदी लावू नका. तिथे खरा फरक पडतो तो जखमेवरचा भार काढल्याने. पाय टेकवत राहिलात तर महागातलं ड्रेसिंगही वाया जातं.

लावताना

जखम धुऊन टिपून घ्या. ड्रेसिंग कोरडं असतानाच स्वच्छ कात्रीने जखमेच्या मापाचं कापा. आसपासच्या चांगल्या कातडीवर फार पसरू देऊ नका. नॅनोक्रिस्टलाइन (चांदीच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असलेलं) प्रकारचं ड्रेसिंग लावण्याआधी इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्याने ओलं करावं लागतं, आणि सर्वाधिक चूक इथेच होते. घरात सलाईनची बाटली असते म्हणून तेच ओततात. सलाईनमधल्या क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनतं, आणि ड्रेसिंगचा जोर जखमेवर पोहोचण्याआधीच कमी होतो. सलाईनने जखम धुतली तर चालतं, मात्र ती नीट टिपा. ओलं केलेलं ड्रेसिंग एक-दोन मिनिटं निथळू द्या, पाकिटावर दाखवलेली बाजू जखमेकडे ठेवा आणि वर शोषक पॅड बांधा.

खाली व्हॅसलीन किंवा तेलकट मलम नको. आयन जखमेपर्यंत पोहोचत नाहीत. मृत मांस सोडवणारं कोलॅजिनेज मलमही सोबत नको, कारण चांदी त्यातलं विकर निकामी करते. एमआरआयच्या आधी ड्रेसिंग काढा. चांदीची ॲलर्जी असेल तर ते लावूच नका.

बदलण्याचे दिवस पाकिटावर असतात, बहुधा ३ किंवा ७. पाझराने आतून भिजलं तर आधीच बदला. सुकून चिकटलं असेल तर ओढू नका, पाण्याने भिजवून सुटू द्या. एका ओढीत आठवड्याभराची नवी कातडी निघून येते, आणि दोष मात्र औषधाला लागतो.

दोन आठवड्यांचा हिशेब

पहिल्या दिवशी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, लांबी-रुंदी लिहून ठेवा. १४ व्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. वास, पू, सूज गेली असेल तर चांदी बंद करून साध्या ड्रेसिंगवर या. सुधारणा आहे पण जंतुसंसर्ग शिल्लक आहे, तर डॉक्टर मुदत वाढवतील. काहीच फरक नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल: साखर, रक्तपुरवठा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग. तेच ड्रेसिंग रेटत राहण्यात अर्थ नाही. मोठ्या भाजलेल्या भागावर अधिक सावध राहा, कारण तिथून चांदी रक्तात जाते. ३० टक्के भाजलेल्या एका रुग्णात यकृताची विकरं वाढल्याची आणि कातडी करडी पडल्याची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. चांदी थांबवल्यावर यकृताचे आकडे खाली आले. फक्त जखमेच्या कडेला आलेला करडा डाग सहसा हळूहळू जातो.

घराघरात ठेवलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या पांढऱ्या क्रीममध्ये नॅनो-चांदी नसते, पण तीही जखम भरणं लांबवू शकते आणि तिचा पिवळट थर भाजण्याची खोली झाकून टाकतो. कुकरच्या वाफेने भाजलं तर आधी २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी, मग डॉक्टर. क्रीम त्यांनी पाहिल्यानंतरच.

लाली जखमेबाहेर पसरत असेल, ताप आला असेल किंवा पायाची बोटं काळपट दिसत असतील तर ड्रेसिंग बदलत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा, आणि लावलेल्या ड्रेसिंगचं पाकीट सोबत न्या.